गळ्यातली चावी

३ मार्च

ताई, नमस्कार.

हे पत्र चष्म्याच्या दुकानाच्या मेलवर आलेलं बघून दचकू नका. घरी फोन केला की आईंना ऐकू यावं म्हणून तुम्ही तो स्पीकरवर लावता, आणि मग आपलं बोलणं अख्ख्या जिन्याला कळतं. इथे आमची एकच खोली. मी फोनवर बोलते तेव्हा हे हातभर अंतरावर बसलेले असतात. मला जे सांगायचं आहे ते आईंच्या कानावर जायला नको आणि यांच्याही.

सरळच लिहिते. यांची नोकरी गेली. लिफ्टच्या देखभालीचं मोठं कंत्राट कंपनीच्या हातून सुटलं आणि फेब्रुवारीच्या मध्यावर निम्म्या मेकॅनिकांना घरी बसवलं. आमचा व्हिसा त्याच कंपनीच्या नावावर आहे. एप्रिल संपायच्या आत दुसऱ्या कंपनीकडे अर्ज गेला नाही, तर आम्हाला हा देश सोडावा लागेल.

दुसरी कंपनी मिळाली आहे. त्यांना यांचं काम पसंत पडलं. पण अर्जासोबत एक गोष्ट दाखवावी लागते. इथल्या बँकेत, यांच्या स्वतःच्या नावावर, ठरलेली रक्कम चार आठवडे हात न लावता पडून असली पाहिजे. नवा पगार सुरू होईपर्यंत हा माणूस स्वतःच्या पैशावर जगेल ना, एवढं त्यांना बघायचं असतं. ताई, आमच्या इथल्या खात्यात पुढच्या महिन्याचं भाडं आहे आणि वर थोडी चिल्लर. बाकी सगळं तुमच्या खात्यात. पगार झाला की भाडं मागे ठेवून उरलेलं त्याच दिवशी ताईला पाठवायचं, ही यांची नऊ वर्षांची रीत. "इथे ठेवलं की खर्च होतं," म्हणतात.

तेव्हा एकच मागणं आहे. फ्लॅटचा मोठा हप्ता पंधरा तारखेला भरायचा आहे ना, तो भरू नका. बिल्डरच्या घशात गेलेला पैसा एप्रिलच्या आत काही बाहेर निघत नाही. ते पैसे इकडे पाठवा.

ताईला कळता कामा नये, अशी यांनी मला शपथ घातली आहे. रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडतात, ही अट नसलेली कंपनी मिळते का म्हणून दारं ठोठावतात आणि संध्याकाळी डबा तसाच परत आणतात. ते बघवेना म्हणून शपथ मोडली.

तुमची वहिनी


६ मार्च

वहिनीबाई,

पत्र वाचलं. गिऱ्हाईक समोर बसलं होतं. त्याला भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगून मी तुझी अक्षरं वाचत होते.

रविवारीच बारक्याशी बोलणं झालं. कॅमेरा बिघडलाय म्हणाला, म्हणून नुसत्या आवाजावर भागवलं. हप्त्याचं विचारलं, तर म्हणाला, "भर ताई, बिनधास्त भर." नोकरी गेलेला माणूस असं बोलतो का गं? बाबा गेले तेव्हा तो एवढासा होता. आज सहा फुटांचा झाला तरी माझ्यासाठी बारक्याच आहे. त्याला ताप येण्याआधी मला कळायचं. तो माझ्यापासून लपवील आणि तू मला सांगशील, हे माझ्या गळी उतरत नाही.

आता फ्लॅटचं. आई तिसऱ्या मजल्यावर राहते आणि तिचे गुडघे गेलेत, हे तुला सांगायला नको. दोन वर्षांत डॉक्टरकडे जाण्यापलीकडे ती खाली उतरलेली नाही. मुलगा परदेशात लिफ्ट दुरुस्त करतो आणि आईच्या घराला लिफ्ट नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. नव्या इमारतीत दोन लिफ्ट आहेत. त्या घरासाठी मी पैशाला पैसा जोडून ठेवलाय, आणि पंधराला हप्ता चुकला तर बिल्डर तो फ्लॅट दुसऱ्याला देणार आहे. रांगच लागली आहे.

बारक्या पहिल्यांदा गेला तो माझ्या दोन बांगड्या विकून. तू या घरात यायच्या पाच वर्षं आधी. तेव्हा कुणाला किती काळजी आहे ते मला शिकवू नकोस. पैशाची चणचण असेल, तर तुला शिवणकाम येतं ना? आजूबाजूच्यांचे पडदे शीव, रोख पैसे घे. कोण बघायला येतंय?

माझा भाऊ लिफ्टचं दार उघडायची ती तिकोनी चावी गळ्यात घालून जेवायला बसतो. रविवारीसुद्धा काढत नाही. कुठे माणूस अडकला तर धावावं लागतं म्हणून. दागिना सुनेने घातलाय की याने, असं म्हणून आई हसत असते. अशा माणसाला कामावरून कोण काढेल?

त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं तर उभ्या उभ्या पैसे पाठवीन. तुझ्या सांगण्यावरून नाही.

ताई


८ मार्च

ताई,

तुमचं पत्र वाचून रडले. मग राग आला. रागाच्या भरात लिहायला बसले होते, ते पुसून हे नव्याने लिहिते आहे.

आधी शिवणकामाचं. माझ्या व्हिसावर स्पष्ट छापलेलं आहे की हिला काम करायची परवानगी नाही. मी यांच्या पाठोपाठ आलेली बायको, एवढीच माझी इथे ओळख. वरच्या मजल्यावरची बाई मागच्याच आठवड्यात पडद्यांचं कापड घेऊन दारात आली होती, रोख पैसे हातात धरून. त्या नोटांकडे बघून माझा जीव किती खालीवर झाला ते मलाच ठाऊक. कापड घडी घालून परत दिलं. एकदा पकडलं गेलं तर माझा व्हिसा तर जाईलच, यांचाही अर्ज तिथेच फाटेल. इथे कोण बघतंय म्हणून चालत नाही, ताई. इथे शेजारी हसून बोलतात आणि खबरही देतात.

आता यांचं. तुम्ही म्हणता ताप येण्याआधी कळायचं. मग हे का करताहेत तेही तुम्हालाच कळेल. तुमच्या बांगड्या गेल्या ते यांनी एक दिवसही विसरलेलं नाही. घर घेऊन दिल्याशिवाय ताईला तोंड दाखवणार नाही, असं मनाशी धरून बसलेत. तुम्ही हप्त्याचं विचारता आणि हे घाईघाईने हो म्हणतात, फोन ठेवतात आणि नळ सोडून तोंड धुतात. बराच वेळ धुतात.

नऊ वर्षांत इथे एक पैसा साठवला नाही, ही आमची चूक. निदान माझं लग्न झाल्यावर तरी मी म्हणायला हवं होतं की चार महिन्यांचा खर्च इथेच पडून राहू दे. मी म्हणाले नाही, कारण तुम्हाला वाटलं असतं की आली आणि हिशेब मागायला लागली. यांनी स्वतःच्या नावाचं खातं तिकडे उघडलं नाही, कारण यांना वाटलं की ताईला वाटेल विश्वास उडाला. तुम्हाला काय वाटेल या भीतीवर आमचा सगळा संसार उभा आहे, आणि तुम्हाला यातलं काहीच कधी वाटलंही नसेल.

माझं ऐकून पैसे पाठवू नका. पण यांचं ऐकून भरूही नका. या रविवारी व्हिडिओ लाव म्हणून हट्ट धरा. आणि तुमच्या भावाकडे नीट बघा. मला दुसरं काही म्हणायचं नाही.

वहिनी


१३ मार्च

वहिनी,

काल फोन संपल्यापासून लिहायचं म्हणते आहे. काल आई उशिरापर्यंत जागी होती, म्हणून आज सकाळची कामं उरकून दुकानात आल्या आल्या बसले.

कॅमेऱ्याचं तो परत सांगायला लागला. मी म्हटलं, आईला तुझं तोंड बघायचंय, शेजाऱ्याचा फोन माग. मग आपोआप दुरुस्त झाला. तू पाहिलंसच. हसत होता, विनोद करत होता, आईला विचारत होता की नव्या घरात पहिली लिफ्ट कोण चालवणार. तू मागे पाठ करून कप विसळत होतीस. एकच कप किती विसळतेस ते मी बघत होते.

दिवसभर मी लोकांच्या तोंडासमोर तोंड धरून बसते. नंबर वाढलेला लपवणारे रोज येतात. अक्षरं पाठ करून येतात आणि धडाधड वाचून दाखवतात. बारक्या तसाच बोलत होता, पाठ केल्यासारखा. आणि शर्टाचं वरचं बटण लावलेलं. मी म्हटलं, उकडत नाही का रे, काढ ते बटण. त्याने काढलं. गळा मोकळा होता.

आई म्हणाली, "अरे, तुझा दागिना कुठे गेला?" तर म्हणाला, "धुवायला टाकलाय." आई हसली. मला हसू आलं नाही. लोखंडाची चावी कोण धुवायला टाकतं गं?

आज सकाळी बिल्डरच्या ऑफिसात जाऊन बुकिंग सोडलं. त्याच्या माणसाने विचारलं, "काय मॅडम, पैसे कमी पडले का?" मी म्हटलं, "नाही, अक्कल कमी पडली होती." भरलेल्या रकमेतली थोडी तो कापून घेणार. घेऊ दे.

तिथून बँकेत गेले, आणि तिथे वेगळीच गाठ पडली आहे. पैसे माझ्या नावावर. मोठा भाग मुदतठेवीत. ठेव मोडता येईल, पण चष्म्याच्या दुकानातली बाई एवढी रक्कम परदेशी का पाठवते, ते त्यांना कागदांवर हवंय. नऊ वर्षं पैसे आले तेव्हा कुणी काही विचारलं नाही. कागद गोळा करते आहे. त्याला अजून काही सांगू नकोस. त्याचा उरलासुरला धीर खचेल.

आणि त्या पत्रात मी जे लिहिलं, ते लिहायला नको होतं.

ताई


२१ मार्च

ताई,

न सांगून भागलं नाही. शनिवारी हे म्हणाले की बिल्डरला फोन करून हप्ता पोचला का ते विचारतो. मग मी सगळं सांगून टाकलं.

दोन दिवस आमच्यात शब्द नव्हता. एका खोलीत दोन माणसं आणि शब्द नाही, म्हणजे काय ते तुम्हाला सांगता येणार नाही. एकदाच बोलले, "आईच्या पायाखालची फरशी काढलीस तू." मी म्हटलं, "आईंच्या पायाखाली फरशी आहे. आपल्या पायाखाली नाही." त्यावर जिन्यात जाऊन बसले. बऱ्याच वेळाने मीही जाऊन शेजारी बसले. मग विचारलं, "ताईला कसं कळलं?" मी म्हटलं, गळ्यावरून. तोंड झाकून रडले, ताई. लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं.

आज डबा रिकामा परत आला.

पण पैसे अजून आलेले नाहीत. एप्रिलच्या अखेरीआधी चार आठवडे भरायचे, तर या महिन्यातच ते इथे जमा व्हायला हवेत. बँकेचं काय झालं? दर तासाला खातं उघडून बघते. घरमालकाने काल सहजच विचारलं की साहेब हल्ली दुपारचे घरी दिसतात.

वहिनी


२९ मार्च

वहिनी,

बँकेत वर्षअखेरीचे हिशेब चालू आहेत. माझे कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातात आणि तिथला माणूस हिशेबात बुडालेला असतो. आधी म्हणाले भावाचं पत्र आणा. आणलं, बारक्याने पाठवलेलं. मग म्हणाले नातं सिद्ध करा. मी म्हटलं, दोघांची नाकं बघा. हसला, पण दाखला मागितलाच.

आज दुकान बंद ठेवून साहेबांच्या केबिनसमोर बाकावर बसले. संध्याकाळी सही झाली. ठेव मोडली, व्याज बुडालं, पैसे निघाले. वाटेत मधली एक बँक आहे, तिथे किती रेंगाळतील ते बँकवाल्यांना सांगता येत नाही.

पहिल्या पत्राला मी लगेच उठले असते, तर हे आठ दिवस हातात असते. रोज तेच मनात येतं.

ताई


५ एप्रिल

ताई,

पैसे काल आले. सगळे आले. आकडा बघून आम्ही दोघं हसलो आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

उशीर झाला. चार आठवडे मुदतीत बसत नाहीत. हे त्या कार्यालयात जाऊन आले. खिडकीपलीकडची मुलगी चांगली होती, तिने पुन्हा पुन्हा मोजलं. तिलाही वाईट वाटलं. पण नियम म्हणजे नियम.

नवी कंपनी म्हणते, तुम्ही देशाबाहेर जाऊन तिथून नवा अर्ज करा, आम्ही जागा धरून ठेवतो. किती दिवस धरतील ते लिहून द्यायला तयार नाहीत. व्हिसा मिळाला तर जुलैपर्यंत, नाही मिळाला तर नाही. म्हणजे नऊ वर्षांचं सामान दोन बॅगांत कोंबायचं आणि परत यायला मिळेल या आशेवर दार ओढून घ्यायचं. मला भीती वाटते. यांना माझ्याहून जास्त वाटते, म्हणून ते सारखे बॅगेचं वजन करताहेत.

दोष कोणाचा, ते मी मनातसुद्धा ठरवलेलं नाही. तुम्हीही ठरवू नका. ते पैसे बिल्डरकडे गेले असते, तर आज तिकिटालाही उसने मागावे लागले असते. आता निदान वाट बघण्यापुरते तरी आहेत.

वहिनी


७ एप्रिल

अगं पोरी,

या. दोघंही या. माझी खोली तुम्हाला, मी आईजवळ झोपेन. घोरते ती, पण सवय आहे.

आईला काल सगळं सांगितलं. फ्लॅट गेला, बारक्याची नोकरी गेली, सगळं. मला वाटलं होतं डोकं धरून बसेल. तर म्हणाली, "चावी धुवायला टाकली म्हणाला तेव्हाच मला कळलं होतं. पोरगं हसवतंय तर हसावं म्हटलं." म्हणजे या घरात सगळ्यांना सगळं कळत होतं आणि जो तो दुसऱ्याला जपत होता. जपून जपून आपण त्याला देशाबाहेर काढलं बघ.

त्याला सांग, दारात उभं राहून माफीबिफी मागायला लागला तर लाटणं घेईन. आणि तू उरलेलं रडणं तिथेच संपवून ये. इथे खूप काम आहे.

तुझी ताई


१२ ऑगस्ट

पोरी,

तुम्ही गेलात आणि घर एवढं मोठं वाटायला लागलं की मी उगाचच दुकानात लवकर जाते.

दोन गोष्टी कळवायच्या आहेत. पहिली म्हणजे, बारक्याने जायच्या आधी शोधलेली तळमजल्याची जागा भाड्याने घेतली. दोनच खोल्या आहेत, पण दाराबाहेर ओटा आहे. ज्या दिवशी त्याने आईला खुर्चीत बसवून तीन जिने खाली आणलं, त्या दिवसापासून ती परत वर जायचं नावच काढत नव्हती. आता सकाळ-संध्याकाळ ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्या दुकानाचा पत्ता देते. एवढ्यासाठी आपण फ्लॅटमागे धावत होतो.

दुसरी गोष्ट बँकेची. बिल्डरने कापून उरलेले पैसे त्याच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात गेले, परदेशी राहणाऱ्यांसाठी असतं त्या खात्यात. नॉमिनी म्हणून तुझं नाव लागलं. तो फॉर्म त्याच्यासमोर मीच ठेवला होता, आठवतं ना? सवयीने लिहिलेलं माझं नाव खोडताना त्याचा हात किती वेळ हवेत राहिला ते तू पाहिलंस. चार वर्षं घाबरत होता म्हणे. मला एकदा विचारलं असतं तर मीच पेन दिलं असतं.

आज बँकेचं पत्र आलं, तुझं नाव लागल्याचं. ते वाचून मला बरं वाटलं. थोडं वाईटही वाटलं, लपवत नाही. लपवायचं नाही, असं ठरलंय ना आपलं?

कामावर गेला का तो? व्हिसावर शिक्का बसला तरी मी अजून सारखा फोन बघते.

ताई


३ सप्टेंबर

ताई,

हिच्या मेलवरून मी लिहितोय. पत्र लिहायची सवय नाही, सांभाळून घे.

कामावर जाऊन तीन आठवडे झाले. आल्या आल्या पहिलं काम केलं, ते म्हणजे इथल्या खात्यात हिचंही नाव घातलं. सही करताना ही म्हणाली, नऊ वर्षांनी माझं लग्न लागलं. चारच झालीत म्हटलं, तर म्हणाली, बाकीची पाच तुमची ताईच्या नावावर होती.

पहिला पगार काल झाला. नेहमीसारखा फोन हातात घेतला, तुझ्या खात्याचा नंबर बोटांना पाठ आहे, अर्धा टाकलाही. मग पुसला. आईच्या भाड्याचे तेवढे पाठवलेत. बाकी एक पैसा पाठवलेला नाही. चार महिन्यांचा खर्च इथे साठेपर्यंत पाठवणारही नाही. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यासमोर रिकाम्या हाताने उभा राहतोय, आणि तोंड लपवावंसं वाटत नाहीये.

तू हप्त्याचं विचारायचीस तेव्हा मी हो म्हणायचो. आता काहीही विचारायची गरज नाही. रविवारी व्हिडिओ लाव, आईला ओट्यावर बसव आणि आधी माझ्या गळ्याकडे बघ.

बारक्या